रांगडा सूर आणि झिलई

अमेरिकेतल्या ब्लूज आणि रॉक संगीताचे जे शौकीन आहेत, त्यांच्या तोंडी दोन विशेषणे हटकून येतात. एखादी ध्वनिमुद्रिका मनाला भिडली की ते म्हणतात, 'काय रांगडा आवाज आहे!' आणि नाही आवडली, की नाक मुरडून म्हणतात, 'छे, फारच घोटून गुळगुळीत केलंय.' रांगडे ते खरे आणि घोटलेले ते खोटे, असा हा हिशेब आहे. त्यात ध्वनिमुद्रणाचा थोडा इतिहास आहे, बराचसा श्रोत्यांचा स्वभाव आहे, आणि कुठेतरी एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या कलावंताकडे कोणत्या नजरेने पाहिले, तेही आहे. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

ब्लूज ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपी राज्याच्या कापूस पिकवणाऱ्या सपाट मुलखात, गुलामगिरीतून सुटलेल्या पण दारिद्र्यातून न सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये हे गाणे विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. बारा खंडांचा एक साचा, प्रत्येक खंडात चार मात्रा, तीन स्वरमेळ, आणि कोमल व शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळणारा गंधार. एवढ्या भांडवलावर त्याचा संसार उभा आहे. रॉक हे त्याचेच शहरात वाढलेले, पुढे श्रीमंत झालेले अपत्य.

आता हा रांगडेपणा कानाला जाणवतो तो कशामुळे? गायकाचा गळा तर आहेच. पण विजेवरच्या गिटारीचा जो भरड, करकरीत आवाज आपण ऐकतो, तो ध्वनिवर्धकातून येतो. जुन्या ध्वनिवर्धकातल्या व्हॉल्व्हवर त्याच्या कुवतीबाहेर भार टाकला, की ध्वनिलहरींचे शेंडे पुरते उमटत नाहीत. वरून छाटल्यासारखे सपाट होतात. शेंडे छाटले गेले की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीतिपटीच्या कंपनसंख्येचे उपस्वर उफाळून वर येतात. कान त्याला खरखर म्हणतो. अभियंत्याच्या भाषेत हा दोष. गंमत अशी, की हाच दोष पुढे गुण म्हणून विकला गेला.

१९५१ सालच्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून आइक टर्नरचा वाद्यवृंद मेम्फिसला सॅम फिलिप्स याच्या ध्वनिमुद्रणगृहात निघाला. वाटेत गिटारीच्या ध्वनिवर्धकाला इजा झाली आणि त्याच्या कर्ण्याचा कागद फाटला. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने फाटक्या जागी कागदाचे बोळे कोंबले आणि तशीच गिटार वाजवायला लावली. 'रॉकेट ८८' या नावाने ती तबकडी निघाली आणि कृष्णवर्णीय संगीताच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्या गिटारीचा घोंघावणारा आवाज म्हणजे निव्वळ अपघात.

पण एकदा अपघात गोड वाटला की माणूस तो मुद्दाम घडवतो. १९५८ साली लिंक रे या वादकाने 'रंबल' या गतीसाठी ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याला पेन्सिलीने भोके पाडली. त्या गतीत शब्द एकही नाही, तरीसुद्धा काही नभोवाणी केंद्रांनी ती लावायचे नाकारले. मुले बिघडतील म्हणून! १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या संचातल्या डेव्ह डेव्हीजने दाढीच्या पात्याने कर्णा चिरला. आणि त्याही आधी, १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात, नॅशव्हिल गावी यंत्राच्या एका भागात बिघाड होऊन बास गिटार भुंग्यासारखी गुणगुणली होती. तिथल्या तंत्रज्ञाने त्या बिघाडाची नक्कल करणारे मंडल बनवले, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते पायाने दाबायच्या एका पेटीत घालून बाजारात आणले. म्हणजे रांगडेपणा आता दुकानात मिळू लागला. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने १९६५ मध्ये 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात हीच पेटी वापरली. त्याच्या मनात खरे म्हणजे त्या जागी पितळी वाद्यांचा ताफा होता; पेटीचा आवाज हा नुसता कच्चा आराखडा म्हणून. आराखडाच बाहेर गेला आणि जगभर गाजला.

आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला यात फारसे नवल वाटू नये. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर घासत कंप पावते, तिच्याखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की उपस्वरांची ती झिणझिण उठते. आणि ती साधण्यासाठी मिरजेचे कारागीर घोडी किती बारकाईने घासतात! पश्चिम आफ्रिकेत बालाफोन नावाचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य आहे. त्याच्या खाली टांगलेल्या भोपळ्यांना भोके पाडून त्यांवर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवण्याची रीत आहे, म्हणजे प्रत्येक सुरामागे एक गुणगुण येते. स्वच्छ, निर्भेळ स्वर हाच सुंदर, हा आग्रह सगळ्या जगाचा नाही. मिसिसिपीच्या गवयांचे पूर्वज ज्या किनाऱ्यावरून आणले गेले, तिथल्या लोकांचा तर नाहीच नाही.

तेव्हा खरखर हीसुद्धा कारागिरीच. आणि जिला आपण निखळ, उघडेवाघडे ध्वनिमुद्रण समजतो, त्यातही कारागिराचा हात लपलेला असतो. जॉन ली हूकर याची १९४८ सालची 'बूगी चिलन' ही तबकडी घ्या. एक माणूस, एक गिटार आणि पायाचा ठेका. ओसरीवर बसून कोणी सहज गुणगुणावे तसे वाटते. पण त्या ठेक्यासाठी हूकरच्या पायाखाली लाकडी फळी ठेवली होती आणि पायाजवळ वेगळा मायक्रोफोन लावला होता. शिकागोत बिल पटनम या तंत्रज्ञाने १९४७ मध्ये चक्क न्हाणीघराचा उपयोग घुमारा आणण्यासाठी केला. लिटल वॉल्टर हा तोंडाने वाजवायच्या बाजाचा बादशहा. तो साधा मायक्रोफोन बाजासकट दोन्ही मुठींत आवळून धरी आणि ध्वनिवर्धकातून फुंके, तेव्हा त्या चिमुकल्या वाद्यातून सॅक्सोफोनसारखा भरदार आवाज निघे. १९५२ सालची त्याची 'ज्यूक' ही गत ऐकावी. तिला रांगडी म्हणा, हवे तर. पण तो आवाज त्याने किती विचारपूर्वक घडवला होता!

मग रांगडेपणाचा एवढा आग्रह कोण धरतो? गाणारा की ऐकणारा? इथे मला मडी वॉटर्सची कथा जरा विस्ताराने सांगायची आहे, कारण सगळा पेच तिच्यात आहे.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे दोघे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीते गोळा करीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आले. तिथे ट्रॅक्टर चालवणारा एक तरुण शेतमजूर त्यांच्यापुढे गायला. खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड, लोक म्हणत मडी वॉटर्स. संशोधकांना हवे होते ते अस्सल, मातीतले गाणे, आणि ते त्यांना मिळाले. पण मडीला त्यातून काय मिळाले? आपला आवाज त्याने प्रथमच बाहेरून ऐकला आणि त्याला वाटले, अरे, हे तर तबकडीतल्या गवयांसारखेच आहे! पुढे त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती टपालाने आल्या, तेव्हा त्याने सूट चढवला आणि तबकडी हातात धरून छायाचित्र काढून घेतले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. संशोधक मातीकडे पाहत होता, आणि गायक शहराकडे.

दोन वर्षांनी मडी शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांच्या गोंगाटात साध्या गिटारीचा आवाज कोणाच्या कानापर्यंत पोचेना, म्हणून विजेवरची गिटार आली. १९४८ मध्ये चेस बंधूंच्या कंपनीने त्याची पहिली गाजलेली तबकडी काढली. पहिली खेप दोनएक दिवसांत संपली म्हणतात. घेणारे सगळे त्याच्यासारखेच दक्षिणेतून आलेले कामगार. त्यांच्या लेखी विजेची गिटार म्हणजे आधुनिक, रुबाबदार, शहरी वस्तू. आज आपण ज्याला रांगडे म्हणतो, ती त्यांची झिलई होती.

१९५८ मध्ये मडी वॉटर्स प्रथम इंग्लंडला गेला. तिथल्या रसिकांची ब्लूजविषयीची कल्पना बिग बिल ब्रून्झीने घडवली होती, आणि ब्रून्झीची कथा तर अधिकच चमत्कारिक. हा गृहस्थ शिकागोत वर्षानुवर्षे राहिलेला, पियानो-ड्रमच्या साथीने शेकडो गाणी ध्वनिमुद्रित केलेला शहरी गवई. पण १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याला उभे केले ते आर्कान्सासचा शेतकरी म्हणून! पुढे युरोपातही त्याने तीच भूमिका वठवली. लोकांना एकटा, साधी गिटार घेतलेला, नांगर टाकून आलेला गायक हवा होता. त्याने तो दिला. बिचाऱ्याला पोट होते. तेव्हा मडीने इंग्लंडात विजेची गिटार चढ्या आवाजात वाजवायला घेतली, तसे कित्येक समीक्षकांचे कान किटले. हा कसला ब्लूज? हा तर कारखाना! मडी शहाणा माणूस. १९६३ मध्ये पुन्हा युरोपचा दौरा निघाला, तेव्हा त्याने साधी गिटार बरोबर घेतली. पण मधल्या पाच वर्षांत इंग्लंडची तरुण पोरे त्याच्याच तबकड्या ऐकून विजेच्या गिटारी शिकली होती. त्यांना हवा होता तो करकरीत आवाज, आणि हा समोर साधी गिटार घेऊन बसलेला. आता सांगा, याने करावे तरी काय?

त्याच वर्षी शिकागोत त्याने 'फोक सिंगर' नावाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. वीस वर्षे शिकागोत काढलेला हा वाद्यवृंदाचा नायक, आणि त्याच्यावर चिठ्ठी डकवली 'लोकगायक'! त्या काळी तरुणांत लोकगीतांची लाट होती, तिचा हा परिणाम. साधी गिटार, मंद ठेका, साथीला तरुण बडी गाय. पण ध्वनिमुद्रण इतके स्वच्छ, की गायकाचा श्वास आणि बोटाचे तारेवर घसरणे, सगळे समोर घडल्यासारखे ऐकू येते. आजही उंची यंत्रे बाळगणारे शौकीन यंत्राची परीक्षा घ्यायला हीच तबकडी लावतात. जिथे विषय सर्वांत ग्रामीण, तिथेच झिलई सर्वांत उत्तम! रांगडे आणि घोटीव हे दोन तट मानणाऱ्याने या एका तबकडीचे काय करायचे ते ठरवावे.

याची दुसरी बाजू १९६८ साली दिसली. चेस घराण्याच्या पुढच्या पिढीने मडीला हिप्पींच्या बाजारात नेण्यासाठी 'इलेक्ट्रिक मड' काढली. तिच्यात खरखर पोत्याने भरलेली आहे. गिटारी घुमतात, विव्हळतात, फाटतात. काही जाणकार आज तिचे कौतुक करतात. मला मात्र त्या गदारोळात मडी एखाद्या पाहुण्यासारखा उभा आहे असे वाटते, आणि पुढे त्याने स्वतःही तिच्याविषयी नापसंतीच दाखवली. मग १९७७ ची 'हार्ड अगेन' ऐका. जॉनी विंटर हा टेक्ससचा गोरा गिटारवादक, मडीचा भक्त, निर्मिती त्याची. सगळे वादक एकाच खोलीत बसवले, आणि एकमेकांकडे पाहत वाजवू दिले. मडी गातो, मागून कोणीतरी आनंदाने ओरडतो, आणि ती आरोळीही तशीच ठेवलेली आहे. मडीने तेव्हा साठी ओलांडलेली होती. 'इलेक्ट्रिक मड'मध्ये खरखर अधिक आहे, पण जिवंतपणा इथे अधिक. मला विचाराल, तर रांगडेपणा म्हणून आपण जे शोधतो ते हे आहे: एका वादकाने दुसऱ्याचे ऐकून त्या क्षणी हात बदलणे.

आणि झिलईने हे मरतेच असेही नाही. बी. बी. किंगचे 'द थ्रिल इज गॉन' हे १९६९ सालचे ध्वनिमुद्रण पाहा. त्यावर नंतर व्हायोलिनांचा ताफा चढवला. सनातनी मंडळींनी कपाळाला हात लावावा असा प्रकार. पण त्या मऊ पडद्यापुढे किंगच्या गिटारीचा एकेक स्वर असा टोचतो, की पडदा काढला तर टोचणी कमी होईल. मिसिसिपीच्या मळ्यात जन्मलेल्या या माणसाला सुबकपणाची लाज कधी वाटली नाही. तो सूट-टायमध्ये वाजवी. का वाजवू नये? हूकरचे तसेच. १९८९ मध्ये 'द हीलर' ही त्याची तबकडी निघाली; कार्लोस सांताना, बॉनी रेट असे नामांकित सोबती, ध्वनिमुद्रण एकदम तुकतुकीत. तिचा खप त्याच्या सबंध कारकिर्दीत कधी झाला नव्हता एवढा झाला. म्हातारपणी त्याला सुखाचे दिवस दिसले. फळीवर पाय आपटणारा हूकर मला अधिक प्रिय आहे, हे खरे. पण माझ्या आवडीसाठी त्याने जन्मभर फळीवरच पाय आपटावा, असे म्हणणारा मी कोण?

झिलईची पराकाष्ठा पाहायची तर स्टीली डॅनची १९७७ ची 'एजा' ऐकावी. तिच्यातल्या 'पेग' या गाण्यातल्या गिटारीच्या एका छोट्या तुकड्यासाठी एकामागून एक नामांकित वादक आणून बाद केले. शेवटी जे ग्रेडनचा तुकडा ठेवला. 'पेग'चा साचा ब्लूजचाच आहे, बरं का, पण इतका घासलेला की ओळखू येत नाही. तीही एक तऱ्हा, आणि निवडणाऱ्याचे कान पक्के होते. माझी तक्रार वेगळ्या झिलईबद्दल आहे. अलीकडे ध्वनिमुद्रण संगणकावर होते. पडद्यावर कालाची सारखी घरे आखलेली असतात, आणि ढोलाचा प्रत्येक ठोका त्या घरात नेमका सरकवता येतो. १९९७ पासून गायकाचा सूरही आपोआप नीट करणारी योजना मिळते. हूकर बारा खंडांच्या साच्यात कधी साडेअकरा गाई, कधी साडेतेरा. शब्द संपला की खंड संपला, असा त्याचा हिशेब. साथीदारांची त्रेधा उडे. हे जर घरांत बसवले, तर हिशेब जुळेल, हूकर उरणार नाही. आणि ब्लूजचा तो लोंबकळणारा गंधार यंत्राने एका पायरीवर ढकलला, तर मग गाणेच कशाला गायचे?

या यंत्राविरुद्ध जे बंड झाले, त्यातही हिशेबीपणा पुष्कळ आहे. व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्या संचाने आपली 'एलेफंट' ही २००३ साली आलेली तबकडी लंडनच्या एका छोट्या ध्वनिमुद्रणगृहात केली, जिथली सामग्री १९६३ च्या अलीकडची नव्हती. संगणक वापरलेला नाही, असे वेष्टणावर छापले. पण तिच्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची जी खोल बासची ओळ जगभरच्या फुटबॉलच्या मैदानांवर प्रेक्षक गातात, ती बासवर वाजवलेलीच नाही. गिटार एका पायपेटीतून सप्तकभर खाली उतरवली आहे. यात फसवणूक काही नाही. पण 'यंत्राशिवाय' हीसुद्धा एक वेशभूषा असते, हे ध्यानात असू द्यावे.

वेशभूषा दुसऱ्यावर चढवली जाते तेव्हा मात्र प्रश्न नाजूक होतो. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतले आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किम्ब्रो हे दोन गवई. एकाच स्वरमेळावर दहा-दहा मिनिटे घुमत राहणारे त्यांचे गाणे. नव्वदीच्या दशकात फॅट पॉसम या तिथल्याच छोट्या कंपनीने त्यांना पुढे आणले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण तिने त्यांची जी जाहिरात केली तिच्यात दारिद्र्य, दारू आणि दांडगाई यांना फार मोठी अक्षरे मिळाली, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे होते. पुढे १९९८ मध्ये त्याच कंपनीने बर्नसाइडचा आवाज तुकडे करून, यंत्राच्या ठेक्यावर चढवून 'कम ऑन इन' नावाने विकला. जुन्या रसिकांनी बोटे मोडली. गंमत अशी, की बर्नसाइडचे मूळ गाणे इतके आवर्तनप्रिय, की त्या यंत्राच्या फेऱ्यात ते फारसे परके वाटत नाही.

ओहायोच्या ब्लॅक कीज या जोडीने २०२१ मध्ये बहुतांशी याच दोघांची गाणी 'डेल्टा क्रीम' या नावाने गाइली. ती दोन दुपारींत, मिळून दहाएक तासांत उरकली. साथीला बर्नसाइडबरोबर वर्षानुवर्षे वाजवलेला गिटारवादक आणि किम्ब्रोबरोबर वाजवलेला बासवादक. चांगली झाली आहे. घाईत झाली म्हणून चांगली झाली, असेही वाटते. पण त्याच वर्षीची दुसरी एक तबकडी मला अधिक मोलाची वाटते. ती बर्नसाइडच्या नातवाची. सेड्रिक बर्नसाइड किशोरवयातच आजोबांच्या मागे ड्रम वाजवू लागला होता. त्याची 'आय बी ट्राइंग' मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत झाली. हा तोच स्टुडिओ, जिथे सत्तरीच्या दशकात अल ग्रीनची रेशमासारखी गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्या खोलीत बसून हा नातू आजोबांचाच टेकडीवरचा ठेका वाजवतो. गळा भरड, गिटार कोरडी, आणि ध्वनिमुद्रण इतके नितळ की बोटाखाली तार दबलेली ऐकू यावी. २०२२ मध्ये तिला पारंपरिक ब्लूजसाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ती हाती आली, तर आधी आजोबांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण लावा आणि मग ही ऐका.